सांध्याला जप, पत्ता दोनदा लिही

१९८६ च्या ऑक्टोबरात मार्टिन स्कॉर्सेसीचा पूलच्या खेळावरचा 'द कलर ऑफ मनी' झळकला आणि बघता बघता न्यू जर्सीतल्या आमच्या पूल हॉलवर जपानी तिकिटं लावलेली पत्रं यायला लागली. सिनेमात पॉल न्यूमन तरण्याबांड टॉम क्रूझच्या हातात एक काठी ठेवतो आणि ती 'बालाबुष्का' असल्याचं सांगतो. खरं तर पडद्यावर दिसते ती काठी जॉस नावाच्या कंपनीची, बालाबुष्काच्या वळणावर केलेली. क्रूझ ती दांडपट्ट्यासारखी गरागरा फिरवतो. अस्सल बालाबुष्का असल्या उद्योगाला कोण देईल? पण नाव झालं ते झालंच. ज्यांनी आयुष्यात खडू लावून एक फटका मारला नव्हता, त्यांनाही बालाबुष्का हवी होती.

जॉर्ज बालाबुष्का मूळचा रशियातला, लहानपणी अमेरिकेत आलेला. ब्रुकलिनचा हा सुतार १९५९ मध्ये काठ्या करायला लागला आणि १९७५ मध्ये वारला. सगळ्या मिळून हजार-बाराशे काठ्या त्याच्या हातून झाल्या असाव्यात. म्हणजे सिनेमा आला तेव्हा करणारा जाऊन अकरा वर्षं झालेली, माल वाढण्याची शक्यता नाही, आणि तिकडे जपानात पूलची लाट. त्यात १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन असा काही वधारला की आमच्या हॉलवर जो भाव ऐकून लोक हसायचे, तो ओसाकाच्या गिऱ्हाइकाला स्वस्त वाटायचा. काठ्या निघाल्या समुद्रापार. बालाबुष्काच्या, पेनसिल्व्हेनियातल्या गस सांबोटीच्या, शिकागोच्या हर्मन रँबोच्या.

मी तेव्हा या देशात नवा. दिवसा कारखान्यात ड्रॉइंग बोर्डवर, संध्याकाळी हॉलवर. मुंबईत असताना जिमखान्याच्या बिलियर्ड रूममधलं हिरवं कापड फक्त काचेतून बघितलेलं. आत जायचं तर सभासद असावं लागे, नाहीतर गुण मांडणाऱ्या मार्करशी ओळख. पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला, हे वडिलांकडून इतक्यांदा ऐकलं होतं की तो आमच्या नात्यातला वाटायचा. इथे मात्र तासाचे पैसे टाकले की टेबल आपलं. हॉलचा मालक इटालियन वंशाचा म्हातारा. टेबलांच्या भाड्यावर हॉल चालत नव्हता, चालत होता तो काठ्यांच्या दुरुस्तीवर आणि खरेदी-विक्रीवर. माझं अक्षर बरं म्हणून परदेशी पत्रांची उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मग पत्ते घालायचं. मग हळूहळू बांधाबांधीचंही.

ज्यांनी काठी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पूलची काठी साधारण ५८ इंच लांब, मधोमध सांधा, स्क्रूने जोडायचे दोन तुकडे. जाड अर्धं ते बट, निमुळतं ते शाफ्ट. शाफ्ट कडक मेपलचा, टोकाला जेमतेम १३ मिलिमीटर. त्यावर इंचभर पांढरं फेरूल, आणि फेरूलवर चामड्याची टिप. बटात आबनूस किंवा शिसवीच्या टोकदार पाचरी बसवलेल्या, मुठीवर आयरिश लिननचा दोरा, बुडाला रबर. वजन १८ ते २१ औंस. एवढ्याशा ऐवजाची सगळी किंमत दोन गोष्टींत असते, कोणी केली आणि सरळ आहे का. टेबलावर लोळवली आणि टोक थरथरलं नाही तर काठी. थरथरलं तर नुसतं दांडकं, मग त्यावर सही कोणाची का असेना.

प्रवासात ती मोडते कुठे? लोकांना वाटतं मधोमध कडकन मोडत असेल. तसं क्वचितच होतं. बटाच्या तोंडातून जो स्क्रू बाहेर आलेला असतो त्याला धक्का बसतो आणि भोवतीच्या कड्याला केसाएवढी चीर जाते. किंवा नळी उभी आपटते, शाफ्ट खाली घसरतो आणि फेरूलचा टवका उडतो. बाहेरून नळीला ओरखडासुद्धा नसतो. म्हणून म्हाताऱ्याचा पहिला मंत्र, 'सांध्याला जप.' स्क्रूवर आधी लाकडी टोपण चढवायचं. मग दोन्ही तुकडे वेगवेगळे मेणकागदात गुंडाळायचे, त्यावर फ्लॅनेलचा तुकडा, आणि दोन्हींच्या मध्ये पुठ्ठ्याची पट्टी, म्हणजे एकमेकांवर घासायला नकोत. शाफ्टचं टोक नळीच्या बुडाला कधीही टेकता कामा नये. भार यायचाच तर तो बटाच्या रबरावर यावा, म्हणून बट चार बोटं खाली आणि शाफ्ट वर उचललेला.

नळी म्हणजे गालिच्यांच्या दुकानातली. गालिचा ज्या जाड पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर गुंडाळून येतो ते दुकानदार फुकट द्यायचा. उलट घेऊन जा म्हणायचा. हॅकसॉने ती कापायची, दोन्ही तोंडांना लाकडी चकत्या बसवून बाजूने स्क्रू मारायचे. पुढे प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी पाइप आला. मजबूत, पण जड, आणि टपालात वजनालाच पैसे. सगळं भरून झालं की नळी कानाशी धरून हलवायची. आत खुट्ट झालं की पुन्हा उघडायची, मग पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं का राहिलेली असेनात. आणि दुसरा मंत्र, 'पत्ता दोनदा लिही.' एक बाहेर, एक आत, काठीच्या अंगाला बांधलेल्या चिठ्ठीवर. बाहेरचं लेबल भिजून गळून पडलं तरी कोणीतरी उघडून बघेल आणि कोणाचं आहे ते कळेल, असा त्यात माणसांवरचा विश्वास होता.

यात भूमितीही होती. आंतरराष्ट्रीय टपालात नळीच्या आकाराच्या पाकिटाला नियम असा की लांबी ३६ इंचांच्या वर नको, आणि लांबी अधिक व्यासाची दुप्पट ४२ इंचांत बसली पाहिजे. आता मांडा हिशेब. काठीचा अर्धा भाग २९ इंच. त्यावर स्क्रूचं टोपण, वरखाली गादी, चकत्या धरून तेहेतीस. चार इंची नळीचे दुप्पट आठ. एकेचाळीस. एक इंच शिल्लक! जणू कुणी पूलवाल्यानेच नियम लिहिलाय. याउलट जुन्या वळणाची एकसंध स्नूकरची काठी या हिशेबात बसतच नाही. तिला मालवाहतुकीचा लांबलचक खोका लागतो. दोन तुकड्यांच्या काठ्या ज्यांनी पहिल्यांदा केल्या त्यांच्या डोक्यात हॉलपर्यंत काखोटीला मारून नेणं असणार. पण समुद्रापार जायला त्याच पात्र ठरल्या.

माप बसलं की काठी रजिस्टर्ड जायची, आणि अमेरिकन पोस्टाचं रजिस्टर्ड टपाल हा एक सोहळा होता. त्याला चकचकीत प्लॅस्टिकची टेप चालत नाही, कागदीच लागते, कारण पोस्टातला माणूस प्रत्येक जोडावर गोल शिक्का मारतो, निम्मा टेपवर आणि निम्मा कागदावर. वाटेत कोणी टेप उचकटली तर शिक्का जुळत नाही. ओल्या स्पंजवरून ओढलेल्या त्या तपकिरी टेपचा खळीचा वास बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत राहायचा. पुढे ते पार्सल कुलपात राहतं आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाताना सही होते. दागिनेवाल्या हॅरी विन्स्टनने १९५८ मध्ये होप हिरा न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनला याच टपालाने पाठवला होता. तिकिटं लागली दोन डॉलर चव्वेचाळीस सेंटची. विम्यासकट सगळा खर्च १४५ डॉलर २९ सेंट. म्हातारा ही गोष्ट प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला पत्रातून कळवायला लावायचा. यात एक मेख होती, ती पत्रात लिहायची नसायची. देशाबाहेर गेलं की रजिस्टर्डची भरपाई चिमूटभर. कुलूप होतं, सह्या होत्या. हरवलंच तर मात्र पदरात काही पडणार नव्हतं.

आणि हरवायचंही. त्या दिवसांबद्दल बोलताना सगळे हे विसरतात. काठी टाकली की ती आपल्या जगातून नाहीशी व्हायची. दोन आठवडे, तीन आठवडे, कधी महिना. चौकशीचा अर्ज भरायचा, त्याचं उत्तर यायला आणखी महिने. तिकडचा माणूस पैसे पाठवून बसलेला, इकडे आम्ही पोस्टाच्या पावतीकडे बघत बसलेलो. पैसे यायचे आंतरराष्ट्रीय मनीऑर्डरने किंवा बँक ड्राफ्टने, काठी निघायच्या आधी, पूर्ण. म्हणजे न पाहिलेल्या काठीसाठी न पाहिलेल्या माणसाला. हातात काय, तर दोन-चार पोलरॉइड फोटो आणि माझ्या अक्षरातलं वर्णन. काठी सरळ आहे हे फोटोत दाखवता येत नाही. आम्ही लिहायचो, 'सरळ आहे', आणि तो मानायचा. या एका शब्दावर हजारो डॉलर इकडून तिकडे गेले. म्हातारा हा शब्द लिहू देण्याआधी काठी तीन वेगवेगळ्या टेबलांवर लोळवून बघायचा, कारण आमचं एक टेबल बेरकी होतं, वाकडीलाही सरळ म्हणायचं.

पोचल्याचं पत्र यायचं ते वाचण्यासारखं असायचं. जपानी गिऱ्हाईक काठीबद्दल लिहायच्या आधी बांधणीबद्दल लिहायचं. एकाने आमची लाकडी चकती परत पाठवली होती, तासून गुळगुळीत करून, पुढच्या वेळी हीच वापरा म्हणून.

आता काय होतं? फोनवर लेबल निघतं, दारातून पार्सल उचललं जातं, आणि न्यूअर्क, अँकरेज, नरिता अशी काठीची प्रत्येक हालचाल खिशात वाजते. चार दिवसांत सही. हरवण्याचं प्रमाण माझ्या बघण्यात नाहीच्या बरोबर आलं आहे. सरळपणाचा प्रश्नही सुटला: टेबलावर लोळवतानाचा व्हिडिओ पाठवायचा, वजनकाट्यावर ठेवल्याचा पाठवायचा, सांध्याच्या कडेचा इतक्या जवळून की लाकडाची रंध्रं मोजावीत. हा निखळ फायदा आहे आणि तो नाकारणारा म्हातारपणाच्या गमजा करतो.

पण बांधणी? ती गेली. आताच्या पार्सलात काठी असते बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, भोवती हवेच्या उशा. उंचावर एखादी उशी फुटते, मग काठी खोक्यात मोकळी फिरते. स्क्रूवर टोपण नाही, कारण टोपण वेगळं विकत मिळतं. 'विमा आहे ना' हे उत्तर. विम्याचं कलम वाचलं तर असं असतं की बांधणी अपुरी होती म्हणून दावा फेटाळता येतो. आणि जुन्या, एकमेव अशा वस्तूंना अनेक कुरिअरवाले ठरावीक रकमेच्या वर भरपाई देतच नाहीत, तुम्ही किंमत काहीही जाहीर करा. ट्रॅकिंग सांगतं काठी कुठे आहे. कशी आहे ते कोणी सांगत नाही.

वाटेत हात कमी झाले हेही कारण आहे. पूर्वी नळी माणसं उचलायची. आता पट्टे सरकवतात, आणि गोल नळी पट्ट्यावरून घरंगळते, पडते, वेगळी काढली जाते. म्हणून मी अजूनही नळीच करतो, पण ती चौकोनी खोक्यात घालतो. शुक्रवारी कधी टाकत नाही, कारण मग शनिवार-रविवार ती कुठल्यातरी गोदामात पडून राहते. जानेवारीत त्या गोदामात पाणी गोठतं, जुलैत भट्टी असते, आणि जुनं लॅकर दोन्हीला तडकतं. आमच्याकडच्या कोरड्या खोलीतून निघालेलं लाकूड जपानच्या जूनमधल्या पावसात किंवा आपल्या श्रावणात उतरलं की ओलावा पितं. पोचल्यावर लगेच उघडून जोडायची नाही, दोन दिवस तशीच खोलीत राहू द्यायची, हे मी आजही चिठ्ठीवर लिहितो. गिऱ्हाईक मात्र ती चिठ्ठी बाजूला सारून पार्सल उघडण्याचा व्हिडिओ काढत असतं.

काळजी वाहिली म्हणजे सगळं टळतं असंही नाही. स्टीफन हेंड्रीने सात वेळा स्नूकरचं जगज्जेतेपद मिळवलं ते एका चाळीसेक पौंडांच्या, पोरवयात घेतलेल्या काठीने. ती २००३ मध्ये विमानप्रवासात सामानात मोडली. केबिनमध्ये घेऊन बसावं म्हटलं तर तीही सोय नाही. २००१ च्या हल्ल्यांनंतरच्या अमेरिकेत पूलची काठी ही गदा किंवा बॅट यांच्या रांगेत जाऊन बसली. २०१३ च्या मार्चमध्ये इथल्या विमान सुरक्षा खात्याने छोटे चाकू, हॉकी स्टिक आणि पूलच्या काठ्या केबिनमध्ये न्यायला परवानगी देणार असं जाहीर केलं. विमान कर्मचाऱ्यांनी गिल्ला केला, आणि जूनमध्ये बेत गुंडाळला गेला. त्या तीन महिन्यांत आमच्या वर्तुळातल्या आशावादी मंडळींनी नव्या पिशव्या घेऊन ठेवल्या होत्या.

खरा बदल मात्र वाहतुकीतला नाहीच. तेव्हा भीती लाकूड मोडायची होती. आता कागद अडण्याची आहे.

पांढरं फेरूल आधी सांगितलं. जुन्या चांगल्या काठ्यांवर ते पुष्कळदा हस्तिदंताचं असे. सांबोटीच्या काही काठ्यांचा तर सांधाच हस्तिदंती. लेथवर हस्तिदंत कापताना मागच्या खोलीत वास यायचा तो दातांच्या डॉक्टरकडे यंत्र फिरताना येतो तसाच. शेवटी दातच तो. त्या वासाचं आम्हाला तेव्हा काही वाटत नव्हतं. १९८९ मध्ये लोझानच्या परिषदेत आफ्रिकी हत्ती वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेला, जानेवारी १९९० पासून हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला, आणि तरीही काठ्यांच्या दुनियेत बरीच वर्षं सगळे डोळेझाक करत राहिले. कस्टम्सच्या चिठ्ठीवर 'खेळाचं साहित्य' लिहायचं, संपलं. इंचभर कड्यासाठी कोण भिंग लावणार?

लावायला लागले. २०१४ मध्ये आमच्याच न्यू जर्सीने हस्तिदंताच्या विक्रीवर बंदीचा कायदा केला, अमेरिकेतल्या राज्यांत सगळ्यात आधी. आणि तो साधासुधा नव्हे. हत्तीसोबत पाणघोडा, वॉलरस, इतकंच काय हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला मॅमथसुद्धा त्यात आहे. मॅमथचं फेरूल बसवून सुटका करून घेणाऱ्या कारागिरांची पंचाईत झाली. मग ६ जुलै २०१६ पासून केंद्र सरकारचा जवळपास संपूर्ण बंदीचा नियम. आज हस्तिदंती सांध्याची सांबोटी जपानला विकून पाठवणं म्हणजे काठी जप्त करून घ्यायची हौस. माझं स्पष्ट मत विचाराल तर हे बरोबरच झालं. एका काठीला लागतो तो तुकडा अंगठ्याएवढा असतो, पण तो अंगठ्याएवढा तुकडा काढायला हत्तीचा सुळा लागतो. ज्यांना यात आपल्या संग्रहाचं नुकसान दिसतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्या काठ्याही पाठवून देत नाही.

लाकडाचं प्रकरण जरा वेगळं. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासूनच पहिल्या परिशिष्टात. पण २०१७ च्या जानेवारीत रोझवुडची सगळी जमात, म्हणजे आपल्या शिसवीचे भाऊबंद, दुसऱ्या परिशिष्टात गेले आणि एकच घबराट उडाली. बटात दोन इंचांची पाचर असेल तरी परवाना लागणार का? वर्ष-दोन वर्षं पुष्कळांनी रोझवुडची काठी देशाबाहेर पाठवणंच थांबवलं. २०१९ च्या परिषदेनंतर नियम सैल झाला. तयार वस्तूतलं असं लाकूड एका पाठवणीत १० किलोपर्यंत असेल तर सूट. काठीचं अख्खं वजन अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणजे आता सूट आहे, पण ती ब्राझिलियनला नाही, आणि नुसतं 'रोझवुड' लिहिलं की कोणतं ते विचारणार. पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या सुताराने कुठल्या झाडाचं फळकूट उचललं होतं हे त्याच्या काठीकडे बघून सांगणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. १९९६ मध्ये 'ब्लू बुक ऑफ पूल क्यूज' निघालं तेव्हा आम्हाला वाटलं, सगळं ज्ञान आता पुस्तकात आलं. त्यात किमती होत्या, खुणा होत्या. लाकडाचं लॅटिन नाव कोणाला लागेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

लबाडीनेही जागा बदलली. पूर्वी फसवणूक व्हायची ती काठीत. खोटी सही, बदललेला शाफ्ट, रंगवलेली पाचर. आता पैशात होते. काठी पोचते, गिऱ्हाईक सही करतं आणि महिन्याने कार्ड कंपनीला कळवतं की वस्तू वर्णनाप्रमाणे नव्हती. पैसे परत जातात. काठी परत येईलच असं नाही. किंवा पत्ता देतं तो अमेरिकेतल्याच एखाद्या गोदामाचा, तिथून पुढे ती कोणत्या देशात जाते ते तुम्हाला कळतही नाही. गोदामात सही झाली की ट्रॅकिंगच्या लेखी काम संपलं. पुढे काय मोडलं, कोणी मोडलं, देवाला ठाऊक. गोदामाच्या पत्त्यावर मी किमती काठी पाठवत नाही.

तेव्हाही आणि आताही न बदललेलं एकच: प्रत्येक दुसरं गिऱ्हाईक विनवतं की किंमत कमी लिहा, 'भेट' म्हणून टाका. म्हातारा ऐकायचा नाही. जेवढं लिहाल तेवढंच मिळेल, असं तो म्हणायचा, आणि कस्टम्सवाला काठ्या ओळखणारा निघाला तर दोघेही अडकू.

भारतात हा प्रकार कसा चालतो ते माझ्या पुण्याच्या भाच्यामुळे कळलं. त्याला पूलचा नाद लागला आणि माझ्याकडची एक साधी, नवी काठी हवी होती. लेबलवर पत्त्याच्या एका ओळीला अक्षरं ३५. सदाशिव पेठेतला पत्ता ३५ अक्षरांत कसा बसणार? 'मारुतीच्या देवळामागे, गिरणीसमोर' एवढ्यातच एक ओळ संपली. मग त्याला ओळखपत्र चढवायला सांगितलं. तो वैतागला.

"मामा, एक काठी मागवलीय, बंदूक नाही."

"भेट म्हणून पाठवू का?" मी विचारलं.

त्यानेच शोधून सांगितलं की २०१९ च्या डिसेंबरपासून परदेशातून येणाऱ्या भेटींची सवलत बंद झालीय, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सोडून.

"मग राखीला गुंडाळून पाठव," तो म्हणाला.

शेवटी रीतसर किंमत लिहिली, त्याने रीतसर कर भरला, काठी आली. आत बांधलेली चिठ्ठी त्याने मला फोटो काढून पाठवली आणि विचारलं, पत्ता आत पण कशाला लिहिलास?

उलट्या वाटेचीही आता गंमत राहिली नाही. त्या जुन्या लाटेत जपानला गेलेली एखादी काठी मी अधूनमधून परत विकत घेतो. २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरांपर्यंतच्या आयातीची करमाफी अमेरिकेने सगळ्याच देशांसाठी बंद केली, आणि कर कोणी कसा गोळा करायचा याचा मेळ न बसल्याने जपान, भारत यांच्यासकट कितीतरी देशांच्या टपालखात्यांनी अमेरिकेकडे येणारी पार्सलं काही काळ थांबवून ठेवली. माझी एक काठी त्यात लटकली. ती पाठवणारा ऐंशीच्या घरातला गृहस्थ. त्याने ईमेल केली की घाई नाही, आपण दोघंही वाट बघायला शिकलेलो आहोत. काठी आली तेव्हा लिननवरचा हाताचा काळपटपणा सोडला तर जशीच्या तशी होती. टेबलावर लोळवली. सरळ.

आमचा हॉल कधीच बंद झाला. तिथे आता औषधांचं दुकान आहे. म्हाताऱ्याचं लेथ एका कारागिराने नेलं, तो त्यावर मायकार्टा नावाच्या कृत्रिम द्रव्याची फेरूलं कापतो. दिसायला पांढरी, टिकायला हस्तिदंताहून बरी, आणि कुठल्याही सीमेवर कोणी अडवत नाही.

तेव्हा वाचकहो, घरात कोणाची जुनी काठी निघाली आणि परदेशातून मागणी आली, तर भाव ठरवण्याआधी जाणत्या कारागिराकडे जाऊन टिप काढून घ्या आणि फेरूलचं तोंड भिंगाखाली बघा. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसली तर तो हस्तिदंत. सांध्याचं कडं पांढरं असेल तर तेही असंच जाणत्याला दाखवा, आणि बटातलं लाकूड कोणतं ते त्याच्याकडून लिहून घ्या. सगळं ठीक असेल तर स्क्रूवर टोपण चढवा, खरी किंमत लिहा आणि सोमवारी टाका. हस्तिदंत निघाला, तर गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणून कळवा.